घोडा घरी येण्यापूर्वी

दत्तजयंतीच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्यात तापीच्या काठी घोड्यांचा बाजार भरतो. शहादा तालुक्यातले हे गाव एकमुखी दत्ताच्या यात्रेसाठी ओळखले जाते आणि या बाजारासाठीही. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश इथून व्यापारी जनावरे घेऊन येतात. नुकरा, अबलख, कुमैत अशा रंगांची नावे कानावर पडतात. चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा असलेल्या पंचकल्याणी घोड्याभोवती गर्दी जमते, गळ्यावर देवमण भोवरा असला की किंमत चढते. रेवाल चालीने घोडे पळवून दाखवतात, काहींना हलगीच्या ठेक्यावर नाचवतात, काहींना मागच्या दोन पायांवर उभे करतात. पहिल्यांदा आलेला माणूस हे सारे पाहून भारावतो, आणि फसलेले सौदे बहुधा त्याच भरात झालेले असतात.

खरेदीदाराची नजर तेव्हा घोड्यावर खिळलेली असते. पण पहिले प्रश्न स्वाराबद्दलचे असतात. पाठीवर बसणार कोण? त्याला कितपत येते? रोज किती वेळ देता येईल? जनावर बांधायचे कुठे आणि मोकळे सोडायचे कुठे? नीट सांभाळलेला घोडा २५ ते ३० वर्षे जगतो. बारा वर्षांच्या मुलीच्या हट्टापायी घेतलेला पाच वर्षांचा घोडा ती मुलगी शिक्षण, नोकरी, लग्न यांत गुंतल्यावरही तबेल्यात उभा असतो, आणि त्याला तेव्हाही रोज वैरण, पाणी आणि खरारा लागतो.

स्वारीचा घोडा तीन वाटांनी मिळतो. घरच्या घोडीचे शिंगरू वाढवावे, तयार घोडा विकत घ्यावा, किंवा कामातून काढलेल्या, टाकून दिलेल्या, हालात सापडलेल्या घोड्याला सोडवून आसरा द्यावा. या तीन वाटांची तुलना सहसा पैशांवर होते. शिंगरू घरचे म्हणून स्वस्त, सोडवलेला घोडा जवळजवळ फुकट, विकतचा महाग, असा तो हिशेब असतो. हे पुस्तक तो हिशेब वेगळ्या पद्धतीने मांडते. तिन्ही वाटांवर काही ना काही अज्ञात पत्करावे लागते. शिंगराचा पुढचा काळ कोणालाच माहीत नसतो. विकतच्या घोड्याचा मागचा काळ विकणाऱ्याच्या तोंडून ऐकावा लागतो. सोडवलेल्या घोड्याच्या बाबतीत तर तो सांगायलाही पुष्कळदा कोणी नसते. यांतले कोणते अज्ञात पेलण्याचे ज्ञान, वेळ आणि जागा आपल्याकडे आहे, यावरून वाट ठरावी, ही या पुस्तकाची भूमिका आहे.

दख्खनला हा प्रश्न नवा नाही. घोड्यांची मोठी पैदास करण्याला इथले हवामान आणि चराऊ कुरणे फारशी अनुकूल नव्हती, म्हणून शतकानुशतके अरबस्तान आणि इराणमधून समुद्रमार्गे घोडे येत राहिले. तेराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण भारतात येऊन गेलेल्या मार्को पोलोने लिहून ठेवले आहे, की इथले राजे हजारोंनी घोडे विकत घेतात आणि निगा कशी ठेवावी हे न कळल्याने त्यांतले कितीतरी मरून जातात. १५१० मध्ये पोर्तुगिजांनी गोवा जिंकला, त्यामागे अरबी घोड्यांच्या व्यापारावर ताबा मिळवण्याचा हेतूही होता. विजयनगर आणि विजापूर ही दोन्ही राज्ये या घोड्यांची मोठी गिऱ्हाइके होती. समुद्रावरून आलेल्या घोड्यांचा आणि स्थानिक तट्टांचा संकर होत भीमा आणि नीरा नद्यांच्या खोऱ्यात भीमथडी घोडा घडला. तो ठेंगणा, काटक, थोड्या वैरणीवर तग धरणारा आणि डोंगरवाटांना सरावलेला. मराठ्यांच्या वेगवान हालचालींमागे या जनावराचा मोठा वाटा होता. पुढे राजाश्रय गेला, तरी मेंढरांमागे फिरणाऱ्या धनगरांनी बिऱ्हाड वाहण्यासाठी तो सांभाळला. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने अलीकडे भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे.

मराठी घोडदळात स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येणारा तो शिलेदार, आणि सरकारी पागेतल्या घोड्यावर बसणारा तो बारगीर. बारगिराच्या घोड्याची वैरण, चंदी, नालबंदी यांची काळजी पागा वाहत असे. शिलेदाराचा घोडा मेला किंवा जायबंदी झाला, तर ती झळ त्याला स्वतःला सोसावी लागे. आज घोडा घेऊ पाहणाऱ्या कुटुंबासमोरही आधी हाच निर्णय असतो. तीन वाटांपैकी एखादी धरण्यापूर्वी, काही काळ बारगीर राहणे आपल्याला जास्त मानवेल का, हे पाहायला हवे. त्याचा विचार पुढे येईलच.

आधी रोजची गरज पाहू, कारण ती तिन्ही वाटांवर सारखीच आहे. घोड्याला त्याच्या वजनाच्या साधारण २ टक्के कोरडे खाद्य रोज लागते. ४०० किलोच्या घोड्याला सुमारे ८ किलो. त्यातला मोठा भाग वैरणीचा हवा. त्याचे पोट लहान आहे आणि त्याला उलटी करता येत नाही. एकदम भरपूर दाणा पडला किंवा पाणी कमी झाले, तर पोटशूळ उठतो आणि काही तासांत जीवही जाऊ शकतो. दिवसाला २५ ते ४५ लिटर पाणी लागते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. साधारण सहा आठवड्यांनी खूर तासावे किंवा नाल बदलावे लागतात. धनुर्वाताची लस, जंतांचे औषध, दातांची तपासणी हे ठरलेल्या वेळीच व्हावे लागते. दारात फुकट आलेल्या घोड्यालाही हे सगळे तितकेच लागते. काही वर्षांचा जमाखर्च मांडला, तर खरेदीची किंमत हा एकूण खर्चाचा लहान भाग ठरतो.

पहिली वाट पैदाशीची. तिचे आकर्षण समजण्यासारखे आहे. आवडत्या घोडीचे शिंगरू डोळ्यांदेखत वाढेल, त्याला कोणी मारलेले नसेल, त्याच्या तोंडात कोणी काटेरी लगाम घातलेला नसेल. पण काळाचा हिशेब मांडून पाहावा. घोडी सुमारे ११ महिने गाभण असते. शिंगराला स्वाराचे वजन पेलायला तीन ते चार वर्षे लागतात, आणि तेव्हाही हाडांची वाढ पूर्ण झालेली नसते. पायांची हाडे आधी पक्की होतात. पाठीच्या मणक्यांची वाढ मात्र साडेपाच-सहा वर्षांपर्यंत चालू राहते. म्हणजे आज घोडी वळूला दाखवली, तर हलकी स्वारी सुरू व्हायला सुमारे पाच वर्षे जावी लागतात. तेवढ्या काळात शिकाऊ स्वार तीन वेगवेगळ्या घोड्यांवर बसून तयार होऊ शकतो.

घोडी बहुधा रात्रीच विते. शिंगरू तासाभरात उभे राहायला हवे, दोन तासांत आचळाला लागायला हवे आणि तीन तासांत घोडीची वार पडायला हवी. यांतले एकही चुकले तर त्याच रात्री पशुवैद्य लागतो. पहिल्या काही तासांत पोटात गेलेला चीकच शिंगराला रोगप्रतिकारशक्ती देतो, ती त्याला गर्भात मिळालेली नसते. घोडीला जुळे पेलत नाही, म्हणून गाभण असल्याची तपासणी लवकर आणि जाणकाराकडून व्हावी लागते. पुढे चार ते सहा महिन्यांनी दूध तोडणे येते. नर असेल तर त्याला खच्ची करायचे की नाही, हे ठरवावे लागते. न केल्यास दोन वर्षांनी घरात एक वळू उभा असतो, आणि वळू हाताळणे नवशिक्याचे काम नाही.

वंशावळीनेही खात्री मिळत नाही. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांची पितृपरंपरा डार्ली अरेबियन, बायर्ली टर्क आणि गोडॉल्फिन अरेबियन या तीन वळूंपर्यंत लेखी मागे नेता येते. तीनशे वर्षांच्या या नोंदी हाताशी असूनही कोणते शिंगरू पळेल आणि कोणते नाही, हे मोठमोठ्या स्टड फार्मनाही आधी सांगता येत नाही. मग ज्या घोडीचे आईबाप ठाऊक नाहीत तिच्या शिंगराबद्दल काय बोलावे? पायाच्या ठेवणीतल्या दोषामुळे घोडी लंगडते, स्वारी होत नाही, म्हणून तिच्यापासून एखादे शिंगरू तरी घ्यावे, हा विचार गावोगाव ऐकू येतो. त्याने तोच दोष पुढच्या पिढीत उतरण्याची शक्यता वाढते. आणि आपल्याला नको असलेले शिंगरू पुढे कुठे जाते, हे तिसऱ्या वाटेच्या वर्णनात दिसेल.

पैदास करणाऱ्यांची मात्र गरज आहे. भीमथडीसारख्या जातीचे निरोगी कळप टिकवणारे धनगर, वंशनोंद जपून मारवाडी आणि काठियावाडी घोडे वाढवणारे पशुपालक ही माणसे नसतील तर विकत घ्यायलाही चांगला घोडा उरणार नाही. त्यांच्याकडे जमीन असते, पिढ्यांचा अनुभव असतो आणि मुख्य म्हणजे शिंगरू कोणाकडे जाणार याचा विचार आधीपासून असतो. हे तिन्ही जवळ असलेल्यानेच पहिली वाट धरावी.

दुसरी वाट खरेदीची. पहिला घोडा घेणाऱ्या बहुतेकांसाठी हीच योग्य, असे हे पुस्तक स्पष्टपणे सांगते. त्यातही आठ ते बारा वर्षांचा, शांत, अनेक हातांखालून गेलेला खच्ची घोडा किंवा समजूतदार घोडी शोधावी. नवा स्वार आणि न शिकलेला घोडा एकत्र आले की दोघेही घाबरतात, आणि दोघांनाही इजा होते. तयार घोड्याची गरज वरच्या पातळीवरही संपत नाही. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, अनुष अगरवाल आणि मुंबईचा हृदय छेडा यांनी ड्रेसाज प्रकारात भारताला सांघिक सुवर्ण मिळवून दिले. घोडेस्वारीत भारताला ४१ वर्षांनी मिळालेले हे सुवर्ण होते. हे स्वार युरोपात राहून तिथल्या शिकलेल्या घोड्यांवर तयार झाले. आपल्या कामाला साजेसा घोडा शोधणे हा त्यांच्या तयारीचाच भाग होता.

कामाला साजेसा म्हणजे काय, हे बाजारात विसरायला होते. रेवाल चाल लांबच्या वाटेवर पाठीला आराम देते. उडी आणि ड्रेसाज शिकायचे तर स्वच्छ दुडकी लागते. स्वार आणि खोगीर मिळून भार घोड्याच्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांच्या आत असावा, असा सर्वमान्य ठोकताळा आहे. ३५० किलोच्या घोड्यावर त्या हिशेबाने ७० किलो बसतात. देखणी उंची आणि पांढरा रंग यांवर पैसे मोजलेल्या कुटुंबातल्या धिप्पाड स्वाराला हे आकडे आधी कळले, तर घोड्याची पाठ वाचते. भोवरा, पंचकल्याणी, देवमण यांवर ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी ते जरूर पाहावे. मात्र पाय, डोळे, श्वास आणि स्वभाव यांबद्दल ही चिन्हे काही सांगत नाहीत.

दात मात्र पुष्कळ सांगतात. पाच वर्षांपर्यंत पुढचे सगळे कायमचे दात येतात. वरच्या कोपऱ्यातल्या दातावर दहाव्या वर्षाच्या सुमारास हिरडीपाशी एक उभी खाच दिसू लागते, पंधराव्या वर्षी ती निम्म्यापर्यंत आणि विसाव्या वर्षी टोकापर्यंत पोहोचते. हा अंदाज आहे, पण ‘सहा वर्षांचा आहे साहेब’ हे वाक्य पारखायला तो पुरतो. मऊ मातीवर नाचवलेला घोडा कडक जमिनीवर सरळ रेषेत आणि मग वर्तुळात दुडक्या चालीने चालवून पाहावा. फिनाइलब्युटाझोनसारख्या वेदनाशामकाने लंगड काही काळ झाकता येते, म्हणून काही दिवसांनी, न कळवता, पुन्हा जाऊन पाहावे. घोडा पकडण्यापासून खोगीर चढवण्यापर्यंत सगळे आपल्यासमोर व्हावे, आणि आधी विकणाऱ्याने स्वतः बसून दाखवावे. तोंडाचे कोपरे आणि जीभ तपासावी. वरातीत नाचवलेल्या घोड्यांच्या तोंडात काटेरी लगामाच्या खुणा सापडतात. ओढकाम करणाऱ्या आणि ओझे वाहणाऱ्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या नियमांनी असे काटे घालण्यास बंदी केली आहे, तरीही.

रक्ततपासणीवर या पुस्तकात एक पूर्ण प्रकरण आहे. ग्लँडर्स हा जिवाणूजन्य रोग घोड्यापासून माणसालाही होतो. कायद्याने तो अधिसूचित आहे, आणि निदान पक्के झाल्यावर जनावर नष्ट करावे लागते. हिसारचे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र १९८५ पासून घोड्यांच्या अशा रोगांवर काम करत आहे. घोडा घरच्या जनावरांत मिसळण्यापूर्वी ग्लँडर्स आणि इक्वाइन इन्फेक्शस अ‍ॅनिमिया यांचा अहवाल हातात हवा. ‘बाजारात सगळे तपासूनच येतात’ या आश्वासनावर विसंबून राहू नये.

तिसरी वाट घोडा सोडवण्याची. हिच्यामागे करुणा असते, आणि ती वाया जाऊ नये म्हणूनच हिच्याबद्दल सर्वांत जास्त लिहावे लागते.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधी कैरोत घडलेली हकीगत इथे सांगायला हवी. पहिले महायुद्ध संपल्यावर ब्रिटिश फौजेने आपले हजारो घोडे इजिप्तमध्येच विकले. १९३० मध्ये तिथे गेलेल्या डोरोथी ब्रुक यांना ते रस्त्यांवर, गाड्यांना जुंपलेले, हाडांचे सापळे झालेले दिसले. त्यांनी १९३१ मध्ये इंग्लंडच्या वृत्तपत्रात पत्र लिहिले, पैसा उभा राहिला, आणि काही वर्षांत सुमारे ५,००० घोडे विकत घेऊन सोडवले गेले. त्यांतल्या बहुतेकांची अवस्था इतकी वाईट होती, की काही दिवस पोटभर खाणे आणि विश्रांती देऊन त्यांना वेदनारहित मरण देण्यात आले. पण ब्रुक तिथे थांबल्या नाहीत. गाडीवाल्याला पैसे मोजून एक घोडा सोडवला, तर तो त्याच पैशात दुसरा आणतो, हे त्यांनी पाहिले होते. १९३४ मध्ये त्यांनी कैरोत कामाच्या घोड्यांसाठी मोफत उपचाराचे रुग्णालय काढले. त्यातून वाढलेली ब्रुक ही संस्था आज भारतातही काम करते.

याच्या उलट टोकाला स्नोमॅनची कहाणी आहे. १९५६ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात, लिलावात न खपल्याने कत्तलखान्याच्या ट्रकवर चढवलेला हा नांगरटीचा पांढरा घोडा हॅरी डिलेयर या रायडिंग शिक्षकाने ८० डॉलरना घेतला. नंतर शेजाऱ्याला विकला, तर तो उंच कुंपणे ओलांडून पुन्हा पुन्हा परत आला. दोन वर्षांत तो उड्यांच्या शर्यतीतला राष्ट्रीय विजेता झाला. ही कहाणी सांगताना एक तपशील गळतो: डिलेयर हा जन्मभर घोड्यांत वाढलेला, रोज घोडे शिकवणारा माणूस होता. त्याने ट्रकमध्ये जे पाहिले ते पाहायला तशीच तयारी लागते.

मुंबईचे उदाहरण जवळचे. जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने केवळ मौजेसाठी चालणाऱ्या घोडागाड्या बेकायदा ठरवल्या आणि या व्हिक्टोरिया गाड्यांवर पोट असलेल्या माणसांच्या पुनर्वसनाची योजना आखायला सरकारला सांगितले. निकाल एका दिवसात लागतो. गाडीतून सुटलेल्या घोड्याला मात्र पुढे अनेक वर्षे जागा आणि चारा लागतो. शर्यतीच्या घोड्यांबाबतही हेच. ते दोन वर्षांचे असताना शर्यतीत उतरतात, महालक्ष्मीची इंडियन डर्बी चार वर्षांच्या घोड्यांसाठी असते, आणि बरेचसे दहाच्या आत निवृत्त होतात. काही पैदाशीला जातात, काही रायडिंग क्लबांत, तर काहींच्या रक्तापासून सर्पदंशावरचे प्रतिविष तयार होते. मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिल्या जाणाऱ्या घोड्यांतूनच पुण्याच्या पूनावाला कुटुंबाला १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूटची कल्पना सुचली. निवृत्त थरोब्रेड स्वस्तात मिळतो, देखणा असतो, पण पायाच्या जुन्या दुखापती, पोटातले व्रण आणि फक्त वेगाचे शिक्षण घेऊन येतो. त्याला काही महिने नुसते चरू द्यावे लागते, आणि मग चाबुकस्वाराने पहिल्या धड्यापासून सुरुवात करावी लागते.

उपाशी घोडा घरी आला की माणसाचा हात पहिल्यांदा दाण्याच्या पोत्याकडे जातो. तोच हात आवरायचा असतो. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम दाणा मिळाला, तर रक्तातल्या क्षारांचा तोल बिघडून घोडा दगावू शकतो. पहिले दहा-बारा दिवस लसूणघासाची वाळली वैरण थोडी थोडी, दिवसातून अनेकदा, पशुवैद्याच्या सल्ल्याने द्यायची. महिनाभर त्याला बाकीच्या जनावरांपासून वेगळे ठेवायचे. आणि हा घोडा कदाचित कधीच स्वारीयोग्य होणार नाही, हे घरातल्या सगळ्यांनी आधीच मान्य केलेले असावे. तसे मान्य नसेल, तर संस्थेला पैसे, वैरण किंवा आठवड्यातले काही तास देणे घोड्याच्या जास्त उपयोगाचे ठरते.

आता बारगिराकडे परत येऊ. पुण्या-मुंबईतल्या आणि इतर शहरांतल्या रायडिंग क्लबांत शिकणे, एनसीसीच्या घोडदळ पथकात दाखल होणे, एखाद्या मालकाचा घोडा वर्षभर खर्च वाटून चालवणे, हे सगळे आजचे बारगीरपण आहे. यात वर्षभर पहाटे उठून तबेल्यात शेण काढले, खूर साफ केले, पावसाळ्यात ओल्या खोगिराची निगा राखली, की कोणती वाट आपली हे बहुधा स्वाराला स्वतःलाच कळते. काहींना मालकी नकोच, हेही कळते.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने केली आहे. पहिल्या भागात जागा, वैरण आणि रोजचे काम आहे. पुढच्या तीन भागांत तीन वाटा, आणि प्रत्येकीच्या शेवटी वाचकाने स्वतःला विचारायचे प्रश्न. शेवटचा भाग वयस्क घोड्याचा: दात झिजल्यावर काय खाऊ घालायचे, स्वारी कधी थांबवायची, शेवटचा निर्णय कोणाला विचारून घ्यायचा. सौद्याची घाई असलेल्या वाचकाने हा भाग आधी वाचावा. प्रश्नांच्या पानावर सर्वांत वर दोन ओळी मोकळ्या ठेवल्या आहेत, एक पशुवैद्याच्या नावासाठी आणि एक नालबंदाच्या. बोलावल्यावर येतील अशा दोन माणसांची नावे तिथे लिहिता येत नसतील, तर घोडा पाहायला जाण्याचा बेत पुढे ढकलून आधी त्यांचा शोध घ्यावा.